ज्येष्ठांचा हॉल म्हणजे ‘पत्त्यांचा अड्डा’? मग हे वाचा

निवृत्त पोस्टमास्तर
काल इथं, बेळगावकरांच्या या चर्चेत, एका तरुणानं लिहिलं, ‘वार्डातला हॉल रोज संध्याकाळी दहा-बारा म्हातारे रमीसाठी अडवून बसतात. लाईट महापालिकेची, चहा नगरसेवकाचा. त्यापेक्षा हॉल अभ्यासिकेला द्या.’ त्यावर लाईकच्या अंगठ्यांचा नुसता पाऊस. मी त्या रमीवाल्यांतलाच एक. सविस्तर लिहितोय, वाचायचं तर वाचा.

पत्ते खेळतो, होय. पाच ते सात. पैसे लावत नाही. चहा आम्ही वर्गणीतून करतो, नगरसेवकाचा नव्हे. सकाळी दहा ते बारा तिथं काय चालतं हे मात्र कुणी बघायला येत नाही. तेव्हा तुम्ही झोपलेले असता. टेबलावर संध्या सुरक्षाचे, म्हणजे कर्नाटक सरकारच्या म्हातारपणाच्या पेन्शनचे कागद असतात. पासष्टीच्या पुढच्यांना महिन्याला १२०० रुपये. तुमच्या एका पार्टीचा खर्च असेल. खरं ज्या बाईच्या घरात दुसरी मिळकत नाही तिचे पैसे थांबले की ती तहसीलदार कचेरीत दोन हेलपाटे घालते आणि मग माझ्याकडं येते. कित्येकदा मंजुरी असते, खातंही असतं, फक्त आधार कुठल्या तरी दुसऱ्याच खात्याला जोडलेलं असतं आणि पैसे तिकडं पडून असतात. हे शोधायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास तिला कुणी देत नाही.

नोव्हेंबर आला की हयातीचे दाखले. निपाणीत जन्मभर विड्या वळून आता लेकीकडं राहायला आलेली बाई, शहापुरातला माग चालवलेला गडी, यांच्या बोटाला ठसाच उरलेला नसतो. मशीन ‘नाही’ म्हणतं. जित्या माणसाला आपण जिते आहोत हे पटवून द्यावं लागतं.

आणि एक सांगतो. आमच्यातल्या एका सभासदानं घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करून दिलं. वर्षाच्या आत त्यांचं अंथरूण जिन्याखाली आलं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ केला नाही तर परत मागता येते. महिन्याला खर्चीही मागता येते. आम्ही अर्ज तयार केला, प्रांताधिकाऱ्यांकडं जायची तारीख ठरली. आदल्या रात्री ते म्हणाले, नको, पोराची गल्लीत शोभा होईल. अर्ज अजून माझ्या कपाटात आहे. ते रोज पाचला येतात आणि रमी खेळतात. त्यांचे पत्ते काढून घ्यायचे आहेत का तुम्हाला?

वडगावचा अभ्यासू
काका, कालचं मीच लिहिलं होतं. चहाचं मागं घेतो. बाकी एक अक्षर नाही.

तुम्ही सकाळी दहा ते बारा म्हणता, पाच ते सात म्हणता. मधल्या वेळेत हॉलला कुलूप का? सातनंतर का? आमच्या घरात दोन खोल्या, खालच्या खोलीत पॉवरलूम. त्या खडखडाटात केपीएससीचा, म्हणजे कर्नाटकच्या सरकारी नोकरीच्या परीक्षेचा, अभ्यास करून दाखवा. खासगी अभ्यासिकेची फी भरायला मी दुकानात पार्टटाईम काम करतो, म्हणजे अभ्यासाचा वेळ विकून अभ्यासाची जागा घेतो. दहा वाजता झोपलेला नसतो, दुकानाचं शटर उघडत असतो.

आणि माझी आजी तुमच्याच हॉलपासून चार घरांवर राहते. एकदाही आत गेलेली नाही. पाच पायऱ्या, कठडा नाही. ज्येष्ठांसाठीच्या हॉलला ज्येष्ठ चढू शकत नाहीत. उद्घाटनाच्या पाटीवर मात्र नावं भरपूर.

शहापूरची सूनबाई
पायऱ्या दूरची गोष्ट, तिथं बायकांनी जायचं कशाला ते सांगा. हळदीकुंकवाला बोलावतात तेवढंच. माझ्या सासूबाई एकदा हौसेनं गेल्या. सगळे पुरुष वळून बघायला लागले, एकानं विचारलं, ‘कुणाला शोधताय?’ त्या परत आल्या. संडास एकच, तोही मागच्या बोळात.

त्यापेक्षा कर्नाटक सरकारची शक्ती योजना बरी. २०२३ च्या जूनपासून बायकांना बस फुकट झाली आणि सासूबाईंचं ज्येष्ठ नागरिक केंद्र बसमध्ये सुरू झालं. चार मैत्रिणी मिळून सौंदत्तीला यल्लम्माला जातात, गोकाकला धबधबा बघून येतात. गुडघे दुखतात म्हणून घरात बसणारी बाई आता आदल्या रात्रीच डबा भरते. तुमच्या हॉलनं हे कधी केलं?

कॅम्पातले आजोबा
फुकट बस! त्यावर बोलूच नका वहिनी. माझं वय ७८. मला तिकिटात २५ टक्के सवलत, तीही कंडक्टरच्या मूडवर. माझ्या शेजारी बसलेली पंचविशीची पोरगी फुकट. मी उभा.

मूळचा खानापूरचा, सध्या पुण्यात
आजोबा, महाराष्ट्रात असता तर एसटीनं फुकट फिरला असता. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ च्या पुढं पूर्ण माफ, ६५ ते ७५ अर्धं तिकीट. बायकांनाही अर्धं. म्हणून म्हणतो, सीमाप्रश्न सुटल्याशिवाय आपल्या म्हाताऱ्यांचं काही होणार नाही. हॉल, अभ्यासिका ही सगळी वरवरची मलमपट्टी.

कॅम्पातले आजोबा
पुण्यातनं सांगणं सोपं आहे. तुझी ती माफी महाराष्ट्राच्या हद्दीत. बेळगावहून एसटीत बसलो तर सीमेवरच्या कोगनोळीपर्यंत पैसे मोजायचे, पुढं सवलत. म्हणजे खिशात दोन राज्यांचे नियम घेऊन फिरायचं. आणि बस असेल तर! २०२२ च्या डिसेंबरात गाड्यांवर दगड पडले, एसटी बंद. २०२५ च्या फेब्रुवारीत कंडक्टरला मारहाण झाली, परत दोन्हीकडच्या बसा बंद. माझी मिरजेला डोळ्यांची तारीख होती. इंजेक्शन चुकवू नका म्हणून डॉक्टरनं बजावलं होतं. टॅक्सीवाल्यानं जो भाव सांगितला तो ऐकून आधी दुसरा डोळा मिटला. रेल्वेनं जावं तर २०२० च्या मार्चात ज्येष्ठांची सवलत काढली ती काढलीच. तेव्हा कुठं होता तुझा सीमाप्रश्न?

मूळचा खानापूरचा, सध्या पुण्यात
हे मात्र अन्याय करणारं आहे. १९५६ पासून लोकांनी लाठ्या खाल्ल्या. माझे आजोबा तुरुंगात गेले होते. २००४ पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे. महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली ती चळवळीमुळंच. आजोबा म्हणून मान ठेवतो, नाहीतर उत्तर दिलं असतं.

कॅम्पातले आजोबा
दे की उत्तर. मान ठेवून तरी काय देतोयस? तुझे वडील खानापुरात एकटे असतात हे मला ठाऊक आहे. वर्षात किती वेळा येतोस ते लिही इथं.

मूळचा खानापूरचा, सध्या पुण्यात
वैयक्तिक जायचं नाही. पैसे पाठवतो, माणूस ठेवलाय, रोज व्हिडीओ कॉल करतो.

अनगोळचा कन्नडिग मित्र
मी मराठी शाळेत शिकलो म्हणून मराठीत लिहितो, चूकभूल माफ करा. बस आणि सीमा यात तुम्ही हॉल विसरला. माझ्या आईला पण हीच अडचण आहे. तिला कन्नड वाचता येतं, तरी संध्या सुरक्षाचा अर्ज कळत नाही. कारण तो अर्ज कुणालाच कळत नाही. भाषेचा त्रास खरा आहे, मराठीवाल्यांना दुप्पट आहे, मान्य. पण आईची पेन्शन अडकली ती भाषेमुळं नव्हे, आधारमुळं. पोस्टमास्तरांनी सोडवली. आईचं आडनाव विचारलं नाही.

निवृत्त पोस्टमास्तर
तुम्हा सगळ्यांची सीमेवरून वाटाघाट होईपर्यंत मी दुपारची झोप काढून आलो.

मित्रा, दुप्पट त्रास एवढ्या सहज मान्य करून पुढं जाऊ नकोस. पंधरा टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं कागदं त्यांच्या भाषेतही द्यायची, हा नियम कर्नाटकाचाच आहे. इथं मराठीतला अर्ज दाखव, मी तुला चहा पाजतो. खरं ते भांडण काउंटरवर त्या बाईला उभं करून भांडता येत नाही. तिला आधी पैसे मिळवून द्यायचे, भांडण मागाहून.

अभ्यासू बाळ, दुकानाचं कळलं. झोपेचं बोललो ते गिळतो. खरं हॉल उघडा ठेवायचा तर थांबणार कोण? चावी माझ्याकडं, मला बारानंतर डायबेटीसची गोळी घेऊन जेवावं लागतं. मागं पोरांना दिला होता तेव्हा दोन पंखे गेले आणि भिंतीवर कुणाच्या तरी प्रेमाची तारीख आली.

वडगावचा अभ्यासू
ती पोरं आमची नव्हती. बरं, असू देत.

बारा ते पाच आम्ही थांबतो, चावी दोघांच्या सहीनं. बदल्यात दोन पोरं सकाळी आळीपाळीनं तुमच्या टेबलावर बसतील. ठसे उमटत नाहीत म्हणून रडायची गरज नाही काका, हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही निघतो. पाच मिनिटांचं काम. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही कारण तुमच्या टेबलापाशी पन्नाशीखालचं कुणी नसतं.

रमीबद्दलचं मत कायम आहे.

निवृत्त पोस्टमास्तर
चेहऱ्याचं ऐकून होतो. मोबाईल धरायला हात थरथरतो. ये सोमवारी, बघू किती मिनिटं लागतात ते. कठड्याचा अर्ज मी वार्ड ऑफिसला देतो, तुझ्या आजीची सही घेऊन ये.

शहापूरची सूनबाई
वा! पुरुषांचं पुरुषांशी जमलं. बायकांची वेळ कुठली? बारा ते पाच पोरं, पाच ते सात पत्ते. सोमवारी मी सासूबाईंना घेऊन येतेय, त्यांच्या तिघी मैत्रिणीही येतील. संडासाला आतून कडी बसवून ठेवा आणि ‘कुणाला शोधताय’ असं विचारणारा जो कुणी आहे त्याला त्या दिवशी घरी बसवा.