नायट्रॉक्स कोर्स: सिलिंडर स्वतः तपासायला मिळतो का?
नायट्रॉक्स म्हणजे साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेलं स्कूबा डायव्हिंगचं मिश्रण. ते वापरायला लागणारं प्रशिक्षणाचं कार्ड कुठल्याही संस्थेचं चालतं, तेव्हा सगळ्यात स्वस्त आणि पूर्ण ऑनलाइन कोर्स उरकून टाका, असा सल्ला एकाने दिलाय. पहिला भाग मान्य. पाडी, एसएसआय, टीडीआय या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थांची नायट्रॉक्स कार्डं एकमेकांच्या केंद्रांवर सहसा चालतात. दुसरा भाग मात्र अजिबात पटला नाही. थिअरी खुशाल घरी वाचा, पण सिलिंडर स्वतःच्या हाताने तपासायला मिळणार का, हे पैसे भरण्याआधी विचारा. आमच्या प्रशिक्षकाने प्रत्येकाला ॲनालायझर (ऑक्सिजनचं प्रमाण मोजणारं यंत्र) आधी साध्या हवेवर २०.९ टक्क्यांना लावायला सांगितला, मग सिलिंडरची झडप अगदी किंचित उघडून आकडा स्थिर होईपर्यंत थांबवलं. त्यानंतर ऑक्सिजनचं प्रमाण, कमाल खोली, तारीख आणि स्वतःची सही सिलिंडरवरच्या पट्टीवर. हे वाचून हातात बसत नाही.

आणि हे महत्त्वाचं का, तर ऑक्सिजनचा आंशिक दाब (मिश्रणाच्या एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा) कमाल १.४ बार धरला तर ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाची खोलीची मर्यादा साधारण ३३ मीटर येते, ३६ टक्क्यांची २८. समजा पट्टीवर ३२ लिहिलंय आणि आत ३६ आहे, तर ३३ मीटरवर तो दाब १.५५ बारपर्यंत जातो. ऑक्सिजनच्या विषबाधेचे झटके बऱ्याचदा पूर्वसूचना न देता येतात, आणि पाण्याखाली तोंडातला रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो तो) सुटला की माणूस बुडतो.

एक राहिलं: साधा कोर्स ४० टक्क्यांपर्यंतच असतो. त्यापुढच्या मिश्रणांसाठी ॲडव्हान्स्ड नायट्रॉक्स वेगळा करावा लागतो.