ट्रस रॉड फिरवण्याआधी

जुन्या स्टेला गिटारच्या तारा फार उंच असतील आणि ट्रस रॉड (नेकच्या, म्हणजे मानेच्या आतला, तिचा वाक बदलणारा रॉड) फिरवून ॲक्शन (तारांची फ्रेट्सपासूनची उंची) खाली आणा असा सल्ला कुणी दिला असेल, तर तो इथे लागू नाही. हार्मनी कंपनीच्या जुन्या स्टेलामध्ये फिरवता येणारा रॉडच नसतो. हेडवर (नेकच्या टोकावर) छापलेलं 'स्टील रीइन्फोर्स्ड नेक' म्हणजे आत कायमची बसवलेली पट्टी. ॲलन की घेऊन उगाच शोधत बसाल (मी बसलो होतो). लांब सरळ पट्टी फ्रेट्सवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) ठेवून ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा ज्यावर टेकतात त्या भागापर्यंत) न्या. ती ब्रिजच्या माथ्याच्या बरीच खाली आदळली तर नेकचा कोन गेलाय, आणि खरा इलाज नेक काढून परत बसवणं हाच.

आणखी एक, टेलपीसवाल्या (तारा बॉडीच्या खालच्या टोकाला अडकवलेल्या) मॉडेलमध्ये ब्रिज सहसा चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबानेच उभा असतो. त्यामुळे टॉप (बॉडीची समोरची फळी) फुगत नाही, उलट ब्रिजखाली खचतो. टॉपला आतून आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे ब्रेसेस, सुटल्यात का, ते आरसा आणि टॉर्च घालून बघा. माझ्या गिटारची एक ब्रेस अर्धी सुटली होती. महिनाभर मी फ्रेट्सना दोष देत होतो! तारा बदलताना सगळ्या एकदम काढू नका, ब्रिज सरकतो. सरकलाच तर बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर तिथल्याच हार्मोनिकशी (तार न दाबता, नुसता स्पर्श करून निघणाऱ्या सुराशी) जुळेपर्यंत ब्रिज हलवा. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिज टेलपीसकडे.