संस्थेचा चर्चा-सर्व्हर: स्वतः सांभाळायचा की भाड्याने घ्यायचा?

खटपट्या
तीन-चारशे सभासदांच्या संस्थेने अंतर्गत चर्चेसाठी डिस्कोर्स हे चर्चामंचाचं सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवरच चालवावं, हे माझं ठाम मत. ४ जीबी रॅम, २ कोअर आणि पन्नासेक जीबी एसएसडीत आरामात भागतं. १ जीबी रॅमवरही चालतं, पण मग २ जीबी स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायचा डिस्कचा भाग) द्यावाच लागतो आणि रिबिल्डच्या, म्हणजे सगळं नव्याने बांधण्याच्या, वेळी मशीन धापा टाकतं. पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस (तात्पुरता साठा), साइडकिक (मागची कामं उरकणारं) सगळं एकाच डॉकर कंटेनरमध्ये, म्हणजे एकाच बंद डब्यात. कॉन्फिगची एक फाइल भरायची, महिन्यातून एकदा अपडेट मारायचा. एवढ्यासाठी दरमहा भाडं कशाला?

पोर्ट_पंचवीस
बसवायला अवघड असं कुणी म्हटलंच नाही. मेलचं काय ते बोला. बहुतेक क्लाउडवाले मेल बाहेर पाठवायचं २५ नंबरचं पोर्ट बंदच ठेवतात. ते उघडून मिळालं तरी आयपीवरून नाव सांगणारा पीटीआर रेकॉर्ड, डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणारा एसपीएफ, मेलवरची डिजिटल सही म्हणजे डीकेआयएम, आणि या दोन्हींत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं ते ठरवणारा डीमार्क हे सगळं जुळवत बसा. संस्थेच्या मुख्य डोमेनवर डीमार्क 'रिजेक्ट'वर असेल आणि चर्चेचे मेल त्याच डोमेनच्या नावाने, पण सही न करता आणि एसपीएफमध्येही न बसता निघाले, तर ते जागच्या जागी परत येतात. नवा सभासद अॅक्टिव्हेशनच्या मेलची वाट बघतो आणि अॅडमिनला वाटतं, कुणाला रसच नाही!

खटपट्या
मेल स्वतः पाठवा असं मी म्हटलंच नाही. आपले मेल पुढे पोचवणारी रिले सेवा घ्या आणि ५८७ पोर्टवरून पाठवा. चर्चेच्या मेलसाठी वेगळं सबडोमेन करा, म्हणजे इथे काही बिघडलं तरी कार्यालयाच्या मेलची पत जात नाही. मुख्य डोमेनच्या एसपीएफमध्ये आणखी एक 'इन्क्लूड' (दुसऱ्याच्या यादीचा हवाला) कोंबू नका. तो तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस लुकअप (डोमेनच्या नोंदवहीतल्या चौकशा) झाले की तो रेकॉर्डच अवैध ठरतो, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही.

उलटतपासणी
मेलचा प्रश्न सुटला असं धरू. बॅकअप? मूळ सेटिंगनुसार तो सात दिवसांतून एकदा निघतो, शेवटचे पाच राहतात आणि तेही त्याच डिस्कवर. म्हणजे डिस्क गेली की पाचही गेले. आधी वारंवारता १ दिवस करा, मग बॅकअप दुसऱ्या ठिकाणच्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (फाइली साठवायच्या क्लाउड सेवेत) पाठवा. शिवाय कॉन्फिगची ती एक फाइल, जिच्यात मेलचा पासवर्ड आणि प्लगिनची (वरून जोडलेल्या सोयींची) यादी असते, ती बॅकअपमध्ये येतच नाही. तिची प्रत वेगळी ठेवावी लागते. आणि नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्या आवृत्तीवर रिस्टोअर होत नाही. दर तीन महिन्यांनी रिकाम्या मशीनवर रिस्टोअर करून बघणारं कुणी तुमच्याकडे आहे का? नसेल तर भाडं भरा.

खटपट्या
भाड्याच्या ठिकाणचा बॅकअप तरी कोण रिस्टोअर करून बघतं? तिथेही तो आपणच उतरवून तपासायला हवा. कंत्राट संपल्यावर तेवढाच हाती उरतो.

पोर्ट_पंचवीस
हे मान्य. पण मध्यरात्री डिस्क भरली तर तिथे दुसरं कुणीतरी उठतं. प्रत्येक रिबिल्डमागे जुनी डॉकर इमेज (कंटेनर ज्यावरून उभा राहतो तो साचा) पडून राहते आणि ती काही जीबींची असते. डिस्कोर्स चालू-बंद करणाऱ्या लाँचर स्क्रिप्टची 'क्लीनअप' कमांड चालवायचं राहिलं की पोस्टग्रेसला लिहायला जागा उरत नाही आणि साइट बसते.

खटपट्या
ऐंशी टक्क्यांवर अलार्म लावा. रिबिल्ड मध्येच फसलं तर घाबरून पुन्हा पुन्हा तेच चालवू नका. जुना कंटेनर बहुधा शाबूत असतो. 'लाँचर स्टार्ट'ने तो उभा करा आणि मग निवांत लॉग वाचा. प्लगिन कमी ठेवलेत तर ही वेळ क्वचितच येते.

कुंपणावरचा
सर्व्हर कुठे आहे यावर एवढी हमरीतुमरी, आणि खरी भोकं दोन्हीकडे सारखीच. कर्मचारी संस्था सोडून गेला, सिंगल साइन-ऑनमधलं (सगळीकडे एकाच लॉगिनने शिरायच्या सोयीतलं) खातं बंद केलं, तरी त्याचं चर्चेतलं सेशन, म्हणजे आधी केलेलं लॉगिन, चालूच राहतं. मूळ मर्यादा १४४० तासांची, म्हणजे ६० दिवस! शिवाय नोटिफिकेशनचे मेल जात राहतात ते वेगळंच. चर्चेतलं खातं वेगळं सस्पेंड करावं लागतं, आणि हे काम मनुष्यबळ विभागाच्या निरोपाच्या यादीत लेखी हवं.

उलटतपासणी
स्वतःचा सर्व्हर असेल तर त्यात भर. अॅडमिनला सगळ्यांचे खासगी संदेश वाचता येतात. कुणी वाचले याची नोंद ठेवायचं सेटिंग आहे, पण ते मुळात बंद असतं. ज्या संस्थेत तक्रारी त्या अॅडमिनविरुद्धच होऊ शकतात, तिथे त्याच्याच हाती रूटचा, म्हणजे सर्व्हरवरच्या सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड?

खटपट्या
नोंद चालू करा, अॅडमिन दोनच ठेवा आणि दोघे वेगवेगळ्या विभागांतले असू द्या. संदेश अॅडमिनला दिसू शकतात हे नियमांच्या पानावर पहिल्याच ओळीत लिहा. भाड्याच्या सर्व्हरवरही तुमचा अॅडमिन ते वाचू शकतोच.

उलटतपासणी
वाचू शकतो, पण डेटाबेसमध्ये हात घालून नोंद पुसू शकत नाही. रूट असलेला पुसू शकतो. तुमच्या दोन अॅडमिनपैकी रूट कुणाकडे, ते आधी सांगा.