रेइश मागूश किल्ल्याचे बदलते उपयोग
जुन्या वास्तूला नवा उपयोग दिला की तिचा इतिहास पुसला जातो, या मताशी मी सहमत नाही. गोव्याच्या बार्देश तालुक्यातील रेइश मागूश या लहानशा गावात, मांडवीच्या काठी पणजीसमोर पोर्तुगीजांनी 1551 मध्ये बांधलेला किल्ला पुढे रुग्णालय झाला, नंतर तुरुंग झाला, आणि 1993 मध्ये तुरुंग हलल्यावर मात्र ओस पडून ढासळू लागला. जीर्णोद्धारानंतर 2012 मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. आज तेथे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांची चित्रे आहेत आणि, मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, येथे बंदिवास भोगलेल्या गोवा मुक्तिलढ्यातील स्वातंत्र्यसैनिकांची स्मृतीही जपलेली आहे.