टायटनेट नॅनोट्यूब आणि ५०० डिग्रीच्या गप्पा

भट्टीवाला: काल इथे कुणीतरी लिहिलं, "टायटनेट नॅनोट्यूब म्हणजे अ‍ॅनाटेजची नळी. ५०० डिग्रीला ठणठणीत, प्रोटॉन सुसाट, नाफिऑनची सुट्टी." (अ‍ॅनाटेज म्हणजे टायटानियाचं, अर्थात टायटॅनियम डायऑक्साइडचं, एक स्फटिकरूप; नाफिऑन म्हणजे इंधनघटात प्रोटॉन वाहून नेणारं पॉलिमरचं पटल.) रात्रभर डोकं फिरलंय. जपानच्या कासुगांनी १९९८ साली टायटानिया १० मोलर कॉस्टिक सोड्यात ११० डिग्रीला २० तास शिजवून ८ नॅनोमीटरच्या नळ्या काढल्या आणि त्यांना टायटानियाच म्हटलं, कबूल. पण पुढे भिंतीत टायटनेटचे गुंडाळलेले थर सापडले ना! सुरळीची वडी डोळ्यांसमोर आणा. टीईएममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, एकीकडे तीन भिंती, दुसरीकडे चार. एकात एक बसवलेल्या नळ्यांत हे कसं होईल? थरांमध्ये पाणी आणि प्रोटॉन. तापवलं की आधी पाणी जातं, चारशे-पाचशेत वडी मोडून अ‍ॅनाटेज होतं.

पवईची मगर: ते "कुणीतरी" मीच. ५०० ला शाबूत नळ्या मी स्वतः पाहिल्यात.

भट्टीवाला: अ‍ॅसिडने किती धुतल्या होत्या?

पवईची मगर: एकदा.

भट्टीवाला: म्हणजे कॉस्टिकमधलं सोडियम आतच; अ‍ॅसिडच ते काढून जागी प्रोटॉन बसवतं. सोडियम राहिलं तर नळी टिकतेच हो, पण मग प्रोटॉन कुठून आणलेत?

क्ष-किरण: आधी थरांची रचना त्रिटायटनेटची की लेपिडोक्रोसाइटची ते ठरवा. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) १० डिग्री कोनाजवळच्या त्या पसरट पीकवरून छातीठोक सूत्र लिहिणाऱ्यांचा मला वीट आलाय.

पवईची मगर: नीट धुतलेल्या पावडरीची पेलेट (दाबून केलेली टिकली) करून तिची प्रोटॉन कंडक्टिव्हिटीही मोजलीय. जुलैत. झकास आली.

दादरकर: जुलैत?! एसी चालू होता?

पवईची मगर: एसीचा काय संबंध?

दादरकर: आमचा दोन पावसाळे बंद आहे. पावडर काट्यावर ठेवली की आकडा डोळ्यांदेखत वर सरकतो. डेसिकेटरमधलं सिलिका जेल सकाळी निळं, संध्याकाळी गुलाबी. अर्ज केला तर उत्तर काय, "पंखा आहे ना?"

क्ष-किरण: पंखा तरी आहे. आमच्याकडे छत गळतं, एक्सआरडीवर ताडपत्री.

दादरकर: ताडपत्री कुणी दिली? आम्ही स्वतःच्या पैशाने आणली!

भट्टीवाला: ताडपत्री राहू द्या. मगरसाहेब, या नळ्यांत प्रोटॉन पाण्याच्या आधारानेच पळतो. शंभरच्या वर कोरड्या हवेत मोजलंत का? नसेल, तर तुम्ही मुंबईचा पावसाळा मोजलात.

पवईची मगर: टोमणे आवरा. बरं, आर्द्रता लिहायला हवी होती. पण पाण्यावाचून तुमचं नाफिऑन तरी कुठे चालतं?

भट्टीवाला: नाही चालत. म्हणून तर सुट्टी कुणी कुणाला द्यायची ते विचारतोय.

पवईची मगर: पेलेट अजून डबीत आहे. १२० ला कोरड्या नायट्रोजनमध्ये मोजतो. सिलेंडर आला की.

दादरकर: म्हणजे पुढच्या जुलैत.