शाल-श्रीफळ सोडून फौजींच्या घरांसाठी गावानं काय करावं?

कट्टा_कळंब

रामराम मंडळी. आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात आहे. सध्या गावातले ११ जण फौजेत आहेत, ६ माजी सैनिक गावात राहतात आणि २ वीरपत्नी आहेत. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला शाळेपुढं शाल, श्रीफळ, हार, फोटो सगळं होतं. मग वर्षभर त्या घरांकडं कुणी फिरकत नाही. हे बरं नाही, असं यंदा गणेश मंडळातल्या सगळ्यांनाच वाटलं. वर्गणीतले २०,००० रुपये शिल्लक आहेत आणि कामाला दहा-पंधरा पोरं तयार आहेत.

या घरांना नेमका कशाचा उपयोग होईल? दिवाळीचा फराळ चौकीवर पोचवता येतो का? आणि कार्यक्रम घ्यायचाच तर नीट कसा घ्यावा? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

सेवाकेंद्र_लातूर

दादा, पैशाचं नंतर बघू. आधी मोबाइल आणि कागदपत्रं कळणारी दोन पोरं नेमा. फौजीच्या घराची रोजची अडचण ओटीपीची असते. सातबारा त्याच्या नावावर, आधारला नंबर त्याचा आणि तो अशा ठिकाणी की दोन-दोन दिवस नेटवर्क नाही. शेतकरी ओळख क्रमांक, पीक विमा, बँकेची केवायसी, सगळं तिथंच अडतं. घरची बाई केंद्रात दिवसभर बसून तशीच परत जाते.

सोपी वाट म्हणून त्याच्या आधारला भावाचा नंबर जोडून टाकतात. हे करू नका. त्याचं पगाराचं खातं आणि बाकीचे व्यवहार त्याच नंबरवर चालतात. त्यापेक्षा तो सुट्टीवर आला की पहिल्याच आठवड्यात बसून ही कामं उरकून घ्या. शेतकरी ओळख क्रमांक काढायचा. बायकोच्या आधारला तिचा स्वतःचा नंबर जोडायचा. बँकेत दोघांपैकी कुणालाही व्यवहार करता येईल असं संयुक्त खातं उघडायचं. आणि शेतीच्या कामापुरतं मुखत्यारपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवून ठेवायचं. मुखत्यारपत्रानं ओटीपी टळत नाही, पण सोसायटी, मोजणी, तहसील इथं सहीसाठी काम खोळंबत नाही. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यावर ढकललं की एक दिवस सर्व्हर बंद, एक दिवस सरकारी सुट्टी आणि माणूस परत गेलेला असतो.

ई-पीक पाहणीचं मात्र तसं नाही. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळं हे काम मंडळातला पोरगा करू शकतो. फक्त फोटो त्या गटात उभं राहूनच काढावा लागतो. बांधावरून दुसऱ्याच गटाचा फोटो गेला की अनुदानाच्या वेळी घोळ होतो. सोयाबीन काढणीला यायच्या आत, शेतात उभं पीक दिसत असतानाच फोटो घ्या.

एक इशारा. मदत म्हणून या घरांचे पीएम किसान आणि लाडकी बहीणचे अर्ज भरून देऊ नका. दोन्ही योजनांत सरकारी नोकरीतल्या माणसाचं कुटुंब बसत नाही. लाडकी बहीणमध्ये घरात पेन्शन असली तरी चालत नाही, आणि पीएम किसानमध्ये १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त पेन्शन असली तरी नाव निघतं. आधी पैसे येतात, मग वसुलीची नोटीस येते आणि मान खाली घालायची वेळ त्या बाईवर येते.

आता पेन्शन. बहुतेक फौजी पेन्शन आता ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेवर आली आहे. नोव्हेंबरमध्ये पारावर एक दिवस जीवन प्रमाणचं, म्हणजे हयातीच्या ऑनलाइन दाखल्याचं, शिबिर ठेवा. आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाइल, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक आणि बँकेचं पासबुक सोबत आणायला सांगा. अर्जात मंजुरी देणारं कार्यालय म्हणून संरक्षण खात्याचं ‘पीसीडीए (पी) अलाहाबाद’ आणि पेन्शन वाटणारी संस्था म्हणून ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद’ निवडायचं. सगळ्यात जास्त चूक इथंच होते. पैसे बँकेत येतात म्हणून ऑपरेटर बँकेचं नाव निवडतो. प्रमाणपत्र तयार होतं, पावती हातात येते, पण ते पोचतं भलतीकडं आणि काही महिन्यांनी पेन्शन बंद पडते. म्हणून पावतीवर समाधान मानू नका. दहा-बारा दिवसांनी ‘स्पर्श’वर जाऊन ते स्वीकारलं गेलं का ते बघा.

वीरपत्नी आणि फौजीच्या निधनानंतर मागं राहिलेल्या बायकांच्या अर्जात प्रकार ‘फॅमिली’ निवडायचा आणि पीपीओ कौटुंबिक पेन्शनचा टाकायचा. पुनर्विवाहाच्या प्रश्नाला घाईत चुकीची खूण झाली तर पेन्शन थांबते, त्यामुळं तो रकाना त्यांना वाचून दाखवून मगच भरा. शेतात राबलेल्या म्हाताऱ्या माणसांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. तेव्हा बोटं पुन्हापुन्हा दाबत बसू नका. मोबाइलवर जीवन प्रमाणचं ॲप आणि आधारचं फेस आरडी ॲप टाकलं की चेहऱ्यावरून काम होतं. उजेड समोरून असावा, चष्मा काढावा.

सुभेदार_बीड

जय हिंद. ताईंनी पेन्शनचं अगदी नेमकं लिहिलंय. मी त्याच्या आधीचं सांगतो.

लग्न झालं, लेकरू झालं की त्याची नोंद पलटणीत ‘पार्ट टू ऑर्डर’नं होते. आपल्याकडं लग्नानंतर बाईचं नाव बदलतं. आधारवर सासरचं, दहावीच्या सनदेवर माहेरचं, पलटणीच्या नोंदीत तिसरंच काहीतरी. माणूस नोकरीत आहे तोवर हे कुणाला टोचत नाही. बरंवाईट झालं की वर्ष वर्ष कागद फिरत राहतात. मंडळानं अकरा घरांत एकच काम करावं: बायकोचं पूर्ण नाव, लेकरांची नावं आणि जन्मतारखा आधारवर, जन्मदाखल्यावर आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये अक्षरन् अक्षर जुळतात का ते तपासायला घरच्यांना सांगावं. फरक असेल तर तो जवान नोकरीत असताना त्याच्या युनिटच्या ऑफिसातून सोपेपणानं दुरुस्त होतो.

प्रत्येक घरात एक बंद पाकीट असावं. त्यात सर्व्हिस नंबर, रँक, युनिट, एपीओचा (लष्करी टपाल कार्यालयाचा) पिन, युनिटचा फोन नंबर आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर लिहिलेला असावा. घरात आजारपण उद्भवलं तर युनिटला कळवायला हेच लागतं. निरोप खरा आहे का याची युनिट खात्री करतं, म्हणून दवाखान्याचा कागद जवळ ठेवा आणि सुट्टी मिळावी म्हणून वाढवून काही सांगू नका. हे पाकीट घरातच राहू द्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर यातलं काहीही टाकू नका. पोस्टिंगचं ठिकाण, सुट्टीवर निघाल्याची तारीख, सचखंड एक्सप्रेसनं येतोय वगैरे स्टेटस, काहीच नको. चौकात ‘सुट्टीवर आलेल्या जवानाचं स्वागत’ असे फलकही लावू नका.

माजी सैनिकांकडं ईसीएचएसचं, म्हणजे त्यांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असतं. तातडीच्या वेळी यादीबाहेरच्या दवाखान्यात दाखल करावं लागलं तर जवळच्या ईसीएचएस पॉलिक्लिनिकला ४८ तासांच्या आत कळवायचं. घरचे घाबरलेले असतात, हे कुणाच्या ध्यानात राहत नाही आणि पुढं बिल अडकतं. ही जबाबदारी मंडळातल्या एका पोराच्या नावावर टाका. तुमच्या २०,००० पैकी निम्मे रुपये रात्री-अपरात्रीच्या गाडीभाड्यासाठी बाजूला ठेवले तरी मोठी सोय होईल.

बांधाचं भांडण हे जवानाच्या डोक्यावरचं सगळ्यात मोठं ओझं. तो नाही बघून बांध कोरला जातो. गावानं तिथं साक्षीला उभं राहावं. जवानानं कमांडिंग ऑफिसरमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवावं, त्याची दखल घेतली जाते. दावा कोर्टात असेल आणि तो कर्तव्यामुळं हजर राहू शकत नसेल, तर १९२५ च्या भारतीय सैनिक (खटले) कायद्याखाली सुनावणी थांबवता येते. ही गोष्ट वकिलाला आठवणीनं सांगा. शिवाय २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू आहे. कायद्याच्या मदतीसाठी सैनिक कल्याण कार्यालयात किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा.

घरपट्टीचंही बघा. महाराष्ट्रात २०२० पासून माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा यांच्या एका राहत्या घराला ती माफ आहे. सैनिक कल्याण कार्यालयाचं प्रमाणपत्र जोडून ग्रामपंचायतीत अर्ज द्यायचा. तुमच्या आठ घरांचं हे काम ग्रामसेवकाशेजारी बसून एका दिवसात होईल.

टपाल_परभणी

फराळाबद्दल लिहितो. खासगी कुरिअर एपीओला जात नाही. टपाल खात्याचं स्पीड पोस्टच वापरा. पत्ता असा लिहा: सर्व्हिस नंबर, रँक, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, आणि ९ नं सुरू होणारा ६ अंकी पिन. गावाचं, सेक्टरचं, राज्याचं नाव पत्त्यात अजिबात नको. अक्षर इंग्रजीत, मोठं, पाण्यानं न पसरणाऱ्या शाईचं. त्याच पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही टाका, वरचा कागद फाटला तरी पार्सल पोचतं.

दिवाळीच्या किमान ३ ते ४ आठवडे आधी टाका, राखीलाही तेवढाच वेळ धरा. उंचावरच्या चौकीवर पार्सल शेवटी माणसाच्या पाठीवरून जातं, म्हणून एका खोक्यात दोन-तीन किलोच्या वर भरू नका.

खव्याचं, ओल्या खोबऱ्याचं, पाकातलं काही पाठवू नका. शंकरपाळे, शेव, पातळ पोह्यांचा चिवडा (खोबऱ्याचे काप न घालता, ते खवट होतात) आणि बेसन नीट भाजलेले लाडू टिकतात. आपल्याकडची कारळ्याची, जवसाची, शेंगदाण्याची कोरडी चटणी तर पोरं वाट बघून खातात. फक्त लसूण कच्चा नको, तेलात लाल करून सुकवलेला घाला. लोणचं आणि तूप नको, गळतं आणि पूर्ण पार्सल अडकतं. काडेपेटी, लायटर, पॉवर बँक टपालात चालत नाही. पदार्थ पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नका, वाफ धरली की आठ दिवसांत बुरशी. दोन पिशव्यांत बंद करून जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा आणि मोकळ्या जागेत वर्तमानपत्र कोंबा. राखीबरोबर कुंकू पाठवायचं तर छोट्या बंद पुडीत, सुटं नाही.

कट्टा_कळंब

सगळ्यांचे मनापासून आभार. आणखी दोन शंका. वीरपत्नींना कार्यक्रमात बोलावताना काय ध्यानात ठेवावं? आणि त्यांच्या लेकरांच्या शिक्षणासाठी गावात वर्गणी करावी का?

शिक्षिका_जालना

वर्गणीच्या आधी हक्काचं जे आहे ते मिळतंय का बघा. पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या मुलांना आणि विधवांना मिळते: मुलींना महिना ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये. अभ्यासक्रम व्यावसायिक हवा, प्रवेश पहिल्या वर्षाला हवा आणि ज्या परीक्षेवर प्रवेश मिळाला तिच्यात ६० टक्के हवेत. नोकरीत असलेल्या जवानाची मुलं यात बसत नाहीत. अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर भरून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पडताळून घ्यायचा. खातं विद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावावर आणि आधारला जोडलेलं लागतं. आईबरोबरचं संयुक्त खातं दिलं की अर्ज परत येतो.

हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांच्या आणि विधवांच्या दोन मुलांना पदवीपर्यंत बोर्डाचं शिक्षण अनुदान आहे. नोव्हेंबर २०२५ पासून ते महिना २,००० रुपये झालं. मुलीच्या लग्नाचं अनुदान ५०,००० वरून १,००,००० झालं, पण अर्ज लग्नानंतर १८० दिवसांच्या आत करावा लागतो. लग्नाच्या गडबडीत मुदत निघून जाते. लग्नपत्रिका हातात पडली की मंडळानंच आठवण करावी. यातल्या कशालाच फी नसते. ‘बोर्डातून बोलतोय, अनुदान मंजूर झालंय, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो फसवणुकीचाच, हे दोन्ही घरी जाऊन समजावून सांगा.

रोख वर्गणी करायचीच असेल तर आधी त्यांना एकांतात विचारा. त्या हो म्हणाल्या तरच, आणि थेट त्यांच्या खात्यात. स्टेजवर पाकीट देणं, रक्कम माइकवर सांगणं नको. सासू-सासरे वेगळे राहत असतील तर वीरमाता-वीरपित्यांना वेगळं, त्यांच्या घरी जाऊन आमंत्रण द्या. पैशावरून त्या घरात आधीच ताण असू शकतो, गावानं कुणाची बाजू घेऊ नये.

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला त्यांना बोलवा आणि इतर बायकांसारखंच कुंकू लावून वाण द्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनानंही बाकीच्या ग्रामपंचायतींना त्याप्रमाणं जायला सांगितलं. तुमच्या ग्रामसभेत असा ठराव झाला नसेल तर १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या सुमारास घेण्यासारखा तो पहिला ठराव आहे. त्यापुढं वीरपत्नीनं ध्वजारोहण करावं असं सरपंचांनी ठरवलं तर फारच उत्तम. मात्र त्यांना तयारीला वेळ द्या आणि भाषणाचा आग्रह धरू नका.

सुभेदार_बीड

ताईंशी पूर्ण सहमत. कार्यक्रमाचं आणखी थोडं. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन, १९४९ पासून पाळला जातो. निधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरा आणि पावती घ्या. २६ जुलैला कारगिल विजय दिवस असतो, तेव्हा पेरण्या उरकलेल्या असतात आणि शाळाही सुरू असते. त्या दिवशी माजी सैनिकांना शाळेत बोलवून पोरांना भरतीची माहिती द्या: धावण्याचा सराव कसा करावा, कागदपत्रं कोणती लागतात, एजंटला पैसे का देऊ नयेत. सत्कारापेक्षा अशा कामासाठी बोलावलं की फौजी माणूस जास्त खुशीनं येतो.

तिरंग्याचे नियम मंडळातल्या प्रत्येकाला माहीत हवेत. टेबलावर अंथरायचा नाही, फलक झाकायला वापरायचा नाही, त्यावर काही लिहायचं नाही. गावानं आपल्या मनानं अर्ध्यावर उतरवायचाही नाही, त्याला सरकारचा आदेश लागतो. पार्थिवावर ध्वज फक्त लष्करी, निमलष्करी किंवा शासकीय इतमामात घालतात. केशरी पट्टा डोक्याकडं असतो, आणि अग्नी देण्याआधी ध्वज काढून घडी करून घरच्यांच्या हाती देतात. माजी सैनिकाचं घरी निधन झालं आणि इतमाम नसेल तर पुष्पचक्र वाहा, दोन मिनिटं शांत उभे राहा.

आणि देव न करो, पण गावात पार्थिव येण्याची वेळ आली तर लष्कर, पोलीस आणि तहसील त्यांचं काम करतात. गावानं रस्ता मोकळा ठेवावा, स्मशानभूमीची जागा साफ करावी, पिण्याचं पाणी आणि मंडप बघावा, घरच्या बायकांभोवती गर्दी आणि मोबाइल येऊ देऊ नयेत. घरच्यांना अधिकृत निरोप मिळाल्याशिवाय बातमी कुठंही टाकू नये. स्मारक करायचं ठरलं तर दगडावरचं नाव, रँक, युनिट आणि तारीख पलटणीच्या कागदाप्रमाणं असावी. देणगीदारांची आणि पुढाऱ्यांची नावं त्या दगडावर नकोत.

कट्टा_कळंब

उद्याच्या बैठकीत दोन पोरं नेमतो. पहिलं काम घरपट्टीचे अर्ज आणि नावांची तपासणी. लातूरच्या ताई, आमच्याकडं एक मेजर ऐंशीच्या पुढचे आहेत, त्यांचं जीवन प्रमाणही नोव्हेंबरमध्येच करायचं का?

सेवाकेंद्र_लातूर

नाही दादा. ८० वर्षांच्या पुढच्यांसाठी १ ऑक्टोबरपासून सुरू होतं. त्यांचं पहिल्या आठवड्यातच करा, शिबिरात आणून बसवू नका, घरी जा. आधारवरचा फोटो फार जुना असेल तर चेहरा जुळत नाही. त्यामुळं आधी आधार केंद्रात फोटो बदलून घ्या, बदल नोंदला गेला की मग जीवन प्रमाणला बसा.