उत्तर: टाचेची पाचर ही जुनीच युक्ती

वर कुणीतरी म्हटलंय की इंदूरच्या डॉक्टरांनी टाचेमागची कंडरा (अकिलीस टेंडन) तुटल्यावर दिलेला पाचरवाला बूट (आत टाचेखाली पाचरी ठेवून टाच उंच ठेवणारा) म्हणजे नवं परदेशी खूळ. खूळ नाही, आणि नवं तर अजिबात नाही. एडिनबराचे शरीररचनातज्ज्ञ अलेक्झांडर मन्रो यांची स्वतःची कंडरा अठराव्या शतकात तुटली. त्यांनी जाड कापडाची सपाता घेतली, टाचेपासून पट्टा वर नेला आणि पोटरीवर बांधलेल्या कापडी पट्ट्याला बकलने अडकवला. पट्टा आवळला की पाऊल खाली झुकतं, तुटलेली टोकं जवळ येतात. पुढे लंडनचे शल्यचिकित्सक जॉन हंटर यांचीही तुटली. त्यांनीही पोटरी बांधून टाच उंच ठेवली.

चूक होते ती घाईत. पाऊल लवकर सरळ केलं की कंडरा जुळते, पण लांब होऊन. मग चवड्यावर उभं राहता येत नाही. म्हणून पाचरी एकेक करून, डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच काढायच्या. दुसऱ्या पायातल्या चपलेला राजवाड्याजवळच्या मोच्याकडून तेवढीच उंची लावून घ्या, नाहीतर कंबर धरते. हे मात्र सगळेच विसरतात.